पडद्याकडे पाठ

"मग माझं चुकलं काय, तेवढं सांगा!"

सारंग तोडकर पडवीच्या पायरीवरूनच बोलला. धड रामराम नाही, काही नाही.

अण्णा मगदूम खाली मांडी घालून शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चप्पल काढ," ते म्हणाले. "मग चुकीचं बघू."

सारंगनं चप्पल काढली. ती उलटी पडली, तशीच राहू दिली.

गडहिंग्लजात अण्णांनी चित्रपट मंडळ काढलं त्याला बरीच वर्षं झाली. दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा लागायचा. आणि दर रविवारी अण्णा एक खुर्ची ओढून पडद्याखाली बसायचे, पडद्याकडे पाठ करून, तोंड लोकांकडे. नवीन माणसं हसायची. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. कुणी म्हणायचं, यांचं सगळं बघून झालंय. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, "तुम्ही तिकडं बघा की."

पहिली रांग निवृत्त मंडळींची. सिनेमा सुरू झाला की यांची हनुवटी छातीवर. दिवे लागले की सगळ्यांत आधी हेच, "वा, काय छायाचित्रण!" सारंगला ही रांग डोळ्यांपुढे नको व्हायची. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून तो घरी आला होता आणि तेव्हापासून सिनेमाच बघत होता. कुठल्या देशाचा कुठला सिनेमा थोर, कुठला टाकाऊ, त्याच्या जिभेवर असायचं. मंडळातली पोरं त्याचा निकाल लागेपर्यंत स्वतःचं मत बनवत नसत.

काल रेहाना बागवान आल्या होत्या. निपाणीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. सुट्ट्या साठवून, भावाला कॅमेरा धरायला लावून त्यांनी आयुष्यातला पहिला सिनेमा केला होता. पुण्याच्या महोत्सवाला पाठवायच्या आधी चार माणसांना दाखवावा, म्हणून स्वतः घेऊन आल्या होत्या.

सिनेमा संपला. अण्णांनी माईक सारंगच्या हातात दिला.

"रडका आहे," सारंग म्हणाला होता. "भाबडा आहे. आणि खोटा आहे. असा बाप कुठं असतो? बाईंनी आपली चित्रंच काढावीत."

पहिली रांग खदखदून हसली. सिनेमाभर घोरलेली रांग.

बाई "बरं" म्हणाल्या. शाल घडी केली. दारात पोरांपैकी कुणीतरी विचारलं, पुण्याला कधी पाठवणार? म्हणाल्या, "आता नाही पाठवत."

ते "बरं" रात्रभर सारंगच्या कानात राहिलं होतं. सकाळी उठून तो इथे आला होता. आपलं बरोबर होतं, एवढं एकदा अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं. बास.

"तुम्हीच सांगता ना, खरं बोलावं म्हणून? मी खरं बोललो."

"बरं."

"'बरं' म्हणू नका!"

अण्णांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात, टरफलं बाजूला.

"सिनेमा वाईट होता, अण्णा."

"असेल. मी कुठं बघितला?"

"तिथंच तर होता तुम्ही!"

"पाठ करून होतो."

सारंगला हसावं की चिडावं कळेना. अण्णांनी सूप मधोमध सरकवलं. बस, फोड, असा त्याचा अर्थ. तो बसला.

"तुझा आवडता सिनेमा कोणता?" अण्णांनी विचारलं.

हे सोपं होतं. सारंग सरसावून बसला. "कृष्णधवल आहे. तीन तासांचा. अख्ख्या सिनेमात मोजके कट. धुक्यातला एक शॉट आहे अण्णा, कॅमेरा असा सावकाश..."

"सांग मला तो. मी बघितलेला नाही."

"सांगतोय की. कॅमेरा सावकाश घराभोवती फिरतो, आणि प्रकाश..."

"घरात कोण राहतं?"

"एक म्हातारा."

"काय करतो?"

"काही नाही. म्हणजे... तेच तर त्याचं थोरपण. काही होतच नाही."

"म्हातारा एकटाच?"

"हो. नाही, एक बाई पण... का ती दुसऱ्या सिनेमात?" सारंग थांबला. नखानं शेंगेची शीर उकलू लागला. शेंग पोचट निघाली.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "कालचा सांग."

"त्यात काय सांगण्यासारखं आहे?"

"वाईट तर वाईट. सांग."

"एक बाप असतो," सारंग तुटक बोलला. "पोरगं कोल्हापूरला शिकायला. बाप रोज सकाळी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडं डबा देतो. पोरगं तिकडं उतरवून घेतं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत."

"पुढं?"

"पोरगं कॉलेज सोडतं. घरी सांगत नाही. डबा येतच राहतो. ते रोज स्टँडवर जातं, डबा घेतं, तिथंच बाकावर बसून खातं. समोरून कॉलेजची पोरं जातात, तेव्हा हे डब्यावर पेपर धरतं."

"हं."

"बाप संध्याकाळी उभा असतो गाडीला. डबा हातात आला की तिथंच उघडतो. आत काय असणार? धुतलेला रिकामा डबा. तरी उघडून बघतो. रोज. झाकण असं कलतं करून, उजेडाकडं धरून... म्हणजे पोरानं काहीतरी ठेवलं असेल आत. चिठ्ठी, गोळी, काहीतरी. काही नसतं. मग झाकण लावतो आणि चालायला लागतो." सारंगचे हात थांबले होते. "भाकरी बांधतो ना, तर वरची जरा करपलेली असते, ती काढून स्वतःला ठेवतो. एकदा गाडी चुकते तर डबा घेऊन पुढच्या फाट्यापर्यंत पळतो. एवढा जाडजूड माणूस. पाय ओढत. आणि मग त्याला कळतं. दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून कळतं, की पोरगं सहा महिने कॉलेजात नाही. काही बोलत नाही तो. शिवी नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं आपलं सवयीनं स्टँडवर जातं, तर..."

"तर?"

सारंगनं खाली पाहिलं. हातातल्या शेंगेचा चुरा झाला होता.

"तर डबा आलेला असतो."

"हं."

"रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त."

अंगणात कुणाची तरी कोंबडी टरफलांकडे आली. दोघांनीही तिला हाकललं नाही.

"अण्णा..."

"बोल."

"हे शेवटचं... सिनेमात नव्हतं."

"सिनेमात बापाला कळतच नाही," सारंग म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की अण्णांना पुढे वाकावं लागलं.

अण्णांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाले, "काल बराच वेळ तू वर पंख्याकडं बघत होतास."

"गरम होत होतं."

"पंखा बंद होता."

सारंगचं तोंड कानापर्यंत तापलं. शरम अशी चढली की आधी तिचा संताप झाला. तो उठून उभा राहिला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! माझा चेहरा बघितला होता तुम्ही, तरी माईक माझ्याच हातात दिला?"

"हो."

"का?"

"म्हटलं, आज तरी हा बोलेल."

"आणि नाही बोललो तर? बाई तिथं उभ्या होत्या, अण्णा! मला शहाणं करायला तुम्ही त्यांना उभं केलंत? ती पहिली रांग हसली, तेव्हा तुमचं तोंड त्यांच्याचकडं होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाही! तुम्ही म्हातारी माणसं गप्प बसता आणि त्याला शहाणपण म्हणता. माझं चुकलं. पण मी निदान तोंडानं चुकलो."

आता हा म्हातारा एखादं वचन टाकेल आणि सुटेल, असं सारंगला वाटलं. सगळेच तसे सुटतात.

अण्णांनी वचन टाकलं नाही. ते सुपाकडे बघत राहिले. मग दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे कान धरले. बोटांना शेंगांची माती होती, ती कानांच्या पाळ्यांना लागली. गावातली निम्मी माणसं ज्यांच्या पाया पडतात तो माणूस, मांडी घालून, कान धरून बसला होता...

सारंगला ते बघवेना. तो खाली बसला.

"बाईंना काय सांगू मी?" त्यानं विचारलं. "सिनेमा चांगला होता म्हणून सांगू? त्यांना वाटेल, कीव आली. माफी मागू? मागून तर कुणीही मोकळा होतो."

अण्णांनी कान सोडले. भिंतीला हात टेकून उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्याला लाल दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याला कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर चित्रं काढणाऱ्या हाताच्या वळणदार अक्षरात नाव, रेहाना बागवान.

"मशीनलाच राहिला. मागायला आल्या नाहीत."

तो त्यांनी सारंगच्या हातावर ठेवला. एवढासा तर होता. सारंगला हात खाली करावासा वाटेना.

"निपाणीची गाडी आहे आत्ता. शाळा सुटायच्या आत पोहोचशील."

सारंग पायरी उतरला. उलटी पडलेली चप्पल त्यानं हातानं सरळ केली, मग पाय घातले. फाटकापाशी जाऊन पुन्हा वळला.

"पण अण्णा, तिथं जाऊन बोलू काय?"

अण्णा पुन्हा सुपापाशी बसले होते.

"वाटेत घर लागेल, तुझ्या वडलांना विचार," ते म्हणाले. "आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत."