दाराला टेकलेल्या बाईचे गाऱ्हाणे

शीलवती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका गृहस्थाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव पुण्यसेन. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे गाऱ्हाणे न्यायसभेत मांडणे हा त्याचा व्यवसाय. त्याचे बोलणे ऐकायला लोक पदरात फुटाणे बांधून येत.

पुण्यसेनाची एक रीत होती. सभेत उभे राहण्याआधी तो गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाच्या घरी एक दिवस राही आणि त्याचे काम स्वतः करून पाही. इतर वादपटू त्याला हसत. त्यांचे हसणे तो मनावर घेत नसे.

एकदा टोपल्या विणणारी वेणुका त्याच्याकडे आली. धनपाल शेठच्या बाजारपेठेचे जड दार कोसळून तिच्या उजव्या हाताची तीन बोटे चिरडली होती. घरात आंधळी आई होती. न्याय मिळाला नाही, तर दोघींना नगर सोडून भीक मागत फिरावे लागणार होते.

पुण्यसेन तिच्या अंगणात बांबू चिरायला बसला आणि थोड्याच वेळात त्याने अंगठा कापून घेतला.

"दादा, तुमचं काम तोंडाचं. सुरी द्या इकडे," वेणुका हसून म्हणाली. मग तिचे हसू मावळले. "एक सांगू? त्या दिवशी पाटी जड होती. मी दाराला टेकले होते. कुणाला सांगू नका हो."

दाराला धक्का लावणाऱ्याचे गाऱ्हाणे त्या सभेत सहसा फेटाळले जाई. खरे सांगायचे तर पुण्यसेनालाही क्षणभर गप्प राहावेसे वाटले.

"बाई, सभेत मी हेच आधी सांगणार," तो शेवटी म्हणाला.

"मग मी मेलेच!"

"खोट्यावर उभं केलेलं गाऱ्हाणंही कोसळतं. मग भिकेसाठी हात पुढे करायलाही जागा उरत नाही."

वेणुका डोळे पुसून म्हणाली, "सांगा तर."

सभेचा दिवस आला. शेठच्या बाजूने चंडघोष नावाचा वादपटू होता. त्याने बाजारपेठेच्या द्वारपालाला साक्षीला आणून बसवले होते आणि बाई टेकली होती हे त्याच्या तोंडून उघड होणार, म्हणून चंडघोष मनातल्या मनात खूश होता.

पुण्यसेन उभा राहिला. "महाराज, वेणुका दाराला टेकली होती. थकलेला माणूस टेकतो." एवढे बोलून तो खाली बसला. वेळ मोजायला पाण्यात सोडलेली वाटी पावसुद्धा भरली नव्हती. फुटाणे आणलेल्यांची मोठीच निराशा झाली.

चंडघोषाला सांगण्यासारखे आता काही उरले नव्हते. पण तीन दिवस पाठ केलेले बोलणे टाकून द्यायला वादपटूचे मन धजत नाही. त्याने द्वारपालाला उभे केलेच, आणि बाई टेकली होती हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले.

पुण्यसेनाने हळू आवाजात विचारले, "काका, तुम्ही कधी टेकलात त्या दाराला?"

"रोज टेकायचो. बारा वर्षं."

"दार पडलं तेव्हाही टेकत होतात?"

द्वारपालाने शेठकडे पाहिले, मग वेणुकेच्या हाताकडे. "दार पडायच्या महिनाभर आधी बिजागरी निखळली. मी मालकांना नेऊन दाखवली. त्या दिवसापासून टेकायचं सोडलं."

राजाने धनपालाला विचारले तेव्हा त्याने बिजागरी पाहिल्याचे कबूल केले. वेणुकेला बाजारपेठेत छपराखालची जागा आणि मायलेकींना जन्मभराचे धान्य शेठने द्यावे, असा निवाडा झाला. वेणुका त्या जागेवर बसून मुलींना टोपल्या विणायला शिकवू लागली आणि आनंदात राहिली.

ही आपल्या पूर्वजन्माची कथा सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची वेणुका म्हणजे आजची भिक्षुणी वसुला. चंडघोष म्हणजे तुमच्यात बसून हसतो आहे तो भद्रसेन. द्वारपाल हा आजचा भिक्षू उत्तरक होता आणि पुण्यसेन मी होतो. भिक्षूंनो, उत्तरक त्या दिवशी घरून मालकाची बाजू राखायचे ठरवून आला होता. पण कुणीतरी स्वतःचे नुकसान होईल असे खरे बोलताना त्याने ऐकले, आणि मग त्याला खोटे बोलवेना. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."