आठ हातांचा इनामदार

फार वर्षांपूर्वी, म्हणजे कसबे खैराळ्यात अजून मोटार आली नव्हती आणि मोटारीतून येणारी आश्वासनंही आली नव्हती तेव्हा, गावात हैबती नावाचा एक रंगारी होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. जन्मला तेव्हाच निळे होते, असं म्हणतात. त्याची बायको सारजा सांगायची की अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला आधी हात दिसले आणि मग नवरा.

खैराळ्याचं सगळं जगणं एका पाटावर चालायचं. वर नदीला बंधारा होता, तिथून निघालेला पाट गावाच्या कडेनं खाली जायचा. त्यावर परीट धुणी धुवायचे, कुंभार माती भिजवायचे, माळी वाफे भरायचे, आणि हैबती रांजणातून काढलेली लुगडी खळबळायचा. निळीला वाहतं पाणी लागतं. साठवलेल्या पाण्यात धुतलं तर लुगडं डागाळतं, आणि डागाळलेलं लुगडं नेसून कोणी बाई रंगाऱ्याला आशीर्वाद देत नाही.

मग गावचे इनामदार दौलतराव यांनी मोसंबीची बाग लावली. मोसंबीला पाणी फार लागतं आणि इनामदारांना मोसंबी फार लागत. त्यांनी पाटाच्या तोंडाला लोखंडी झडप बसवली, झडपेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. पाणी आधी बागेत जाऊ लागलं, बागेतून उरलं तर गावाला. बाग काही उरवत नसे.

लोक गाऱ्हाणं घेऊन वाड्यावर गेले. इनामदारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना विडा दिला, आणि झडप होती तशीच राहिली. तोंडात विडा असताना भांडता येत नाही, हे इनामदारांच्या घराण्याला फार पिढ्यांपासून ठाऊक होतं. "सरकार लई गोड बोलले," एवढं सांगत सगळे परत आले. परीट गाव सोडून जायला लागले. हैबतीचे रांजण कोरडे पडले. दसऱ्यापर्यंत पाणी सुटलं नाही तर आपणही बिऱ्हाड हलवायचं, असं सारजानं ठरवलं आणि हैबतीला फक्त कळवलं.

त्या काळजीनं हैबतीचं पोट दुखू लागलं. शेजारच्या गावात अमेरिकेहून आलेल्या एका मिसबाईचा दवाखाना होता. तिथल्या योहान कंपाउंडरानं त्याला औषधाची पूड दिली. बाईंच्या बाटल्या बोटीतून यायच्या त्या त्यांच्या मुलखातल्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, आणि योहान त्याच कागदांच्या पुड्या बांधायचा. हैबतीनं वाटेत पुडी उघडली. पूड वाऱ्यानं गेली, कागद हातात राहिला, आणि पोट त्या कागदानंच बरं झालं असं म्हणतात.

कागदावर एक चित्र होतं. पोट सुटलेला माणूस, डोक्यावर उंच काळी टोपी, पोटावर घड्याळाची साखळी. पण त्याला हात दोन नव्हते, आठ होते. सोंडेसारखे लांब, लवचिक, आणि प्रत्येक हात कोणाच्या ना कोणाच्या घराभोवती पडला होता. हैबती आल्या पावली दवाखान्यात परत गेला.

"योहानदादा, हा कोण राक्षस?"

"राक्षस कसला? तिकडचा कोणी बडा आसामी असेल. लोकांचं सगळं गिळून बसलेला," योहान म्हणाला. "बाईंच्या मुलखात मोठ्या माणसांची अशी चित्रं काढतात आणि पेपरात छापतात. कोणाला हत्ती करतात, कोणाला गाढव. समुद्रात असला एक आठ हातांचा प्राणी असतो म्हणे, तो चित्र काढणाऱ्यानं या शेठच्या अंगाला जोडला."

"आणि काढणाऱ्याला धरत नाहीत?"

"धरतात कधीमधी."

"आणि तो मोठा माणूस?"

"तो सकाळी उठून आधी तोच पेपर मागवतो. आज आपण कोण झालो ते बघायला."

हैबती हसत हसत घरी आला. गावाला हसू आलं तर इनामदाराला लाज येईल, आणि लाज आली तर झडप उघडेल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. फक्त तो अमेरिकेचा होता.

खैराळ्यात दसऱ्याआधी चावडीची भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि खाली निळीचा पट्टा ओढायचा, हे काम रंगाऱ्याच्या घराकडे होतं. त्या वर्षी हैबतीनं चुना लावला, पट्टा ओढला, आणि गाव जेवून आडवं झालं होतं तेव्हा उरलेल्या निळीत बोटं बुडवून वरच्या पांढऱ्या भागावर इनामदार काढला. पगडी, मिशा, सुटलेलं पोट, आणि नाक जसं होतं त्याहून थोडं जास्त. बाजूंनी आठ हात काढले आणि प्रत्येक हाताचा पंजा खैराळ्याच्या एकेका आळीवर ठेवला. मग पारावर जाऊन बसला. आता गाव उठेल, हसेल, आणि आपल्याला चाबूक पडेल, दोन्हीची त्याची तयारी होती.

पहिली उठली ती येसूआजी. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. ती घागर घेऊन चावडीवरून निघाली, भिंतीपुढे थबकली, आणि तिनं घागर खाली ठेवून पदर डोक्यावरून घेतला.

"अगं बया! आठ हात! आणि कसे आळीआळीवर ठेवलेत. आशीर्वाद देतोय गं देव!"

तिनं अंबाड्यातलं फूल काढून भिंतीपाशी ठेवलं. खैराळ्यात समुद्रातला प्राणी कोणी पाहिला नव्हता. आठ हात म्हणजे देव, एवढंच गावाला ठाऊक होतं. दिवस कलायच्या आत भिंतीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटले, आणि उदबत्तीच्या धुरात इनामदारांचं पोट आणखीच तेजस्वी दिसू लागलं. ते धुरानं हळूहळू फुगत होतं, असंही म्हणतात.

इनामदार कारभाऱ्याला घेऊन आले. हैबतीनं पाठ पुढे करायची तयारी ठेवली. दौलतरावांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"कारभारी, चेहरा ओळखीचा वाटतो."

"सरकारांचाच आहे," कारभारी म्हणाला. "लोकांना साक्षात्कार झालाय."

"लोकांना उशिराच कळतं," इनामदार म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे दवंडी पिटवली. हे चित्र कोणी पुसू नये, त्यावर चुना लावू नये, पुसेल त्याला शिक्षा होईल. भिंतीपुढे समई ठेवली, आणि हैबतीला शेला व नारळ दिला.

हैबती शेला पांघरून घरी आला तेव्हा सारजा दारातच उभी होती.

"इनामदाराचं नाक कापायला गेला होतात ना? देव करून आलात!"

"अगं, अमेरिकेत या चित्राला लोक हसतात."

"मग तिकडंच जाऊन काढायचं. तिकडं पाणी पण असेल." तिनं नारळ हातातून ओढून घेतला. "आणि देव तरी नीट काढायचा. आठ हात, पण आयुध एकात नाही. रिकाम्या हातांचा देव कुठं असतो का?"

 हैबतीनं शेला खुंटीला अडकवला आणि निळीचं भांडं घेऊन निघाला. "आता कुठं?" सारजानं विचारलं. "देवाला आयुधं द्यायला," तो म्हणाला.

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्यानं पहिल्या हातात किल्ली काढली. कोणी अडवलं नाही. देवाची सेवा कोण अडवणार? कारभारी म्हणाला, "वा! कुबेराची किल्ली." दुसऱ्या दिवशी एका हातात कुंभाराचं चाक आलं. "हे सुदर्शन," कारभारी म्हणाला.  कुंभार मात्र घरी जाऊन थांबलेल्या चाकाकडे बघत बसला. मग एका हातात परटाचं धोपटणं आलं. कारभाऱ्यानं त्याला गदा ठरवलं, पण आवाज थोडा बारीक झाला होता. मग पालकाची सुकलेली जुडी आली, म्हशीचं दावं आलं, हैबतीचा स्वतःचा पालथा रांजण आला. कारभारी भिंतीवरून जाताना दुसरीकडे पाहू लागला. इनामदार मात्र खुशीत होते. आयुधं वाढताहेत एवढंच त्यांना वाड्यावर कळत होतं. काही आयुधं हैबतीनं काढलीच नव्हती, ती सकाळी आपोआप उमटलेली दिसायची, असं म्हणतात. गावात निळ्या बोटांची माणसं वाढली होती, असंही म्हणतात.

दसऱ्याच्या दिवशी इनामदार आरतीला येणार म्हणून सगळं गाव चावडीपुढे जमलं. हैबतीनं सगळ्यांसमोर सातव्या हातात एक घागर काढली. साधी घागर नव्हे. काठाला पोचा आलेली आणि बुडाचं भोक डाक लावून बुजवलेली. येसूआजी पुढे सरकली. डोळ्यांवर हात धरून तिनं भिंत पाहिली.

"ही माझी घागर आहे."



"माझी घागर या मेल्याच्या हातात काय करतेय?" मग तिनं किल्ली पाहिली, धोपटणं पाहिलं, दावं पाहिलं, आणि नाक पाहिलं. "अगोबाई! हा तर दौल्या! अरे, माझं फूल परत द्या!"

आणि तिनं भिंतीपाशी वाळून पडलेलं ते फूल उचलून पुन्हा अंबाड्यात खोचलं. पहिल्यांदा कुंभार हसला, मग माळी, मग बाया पदरात तोंड लपवून. ते हसू इतकं मोठं झालं की बंधाऱ्यावरचे बगळे उडाले आणि वाड्याच्या नगारखान्यातला नगारा कोणी न वाजवता वाजला, असं म्हणतात. इनामदार नेमके तेव्हाच आरतीचं ताट घेऊन समोर उभे होते.

"पुसा ते!" ते ओरडले.

"सरकार," कारभारी कानाशी म्हणाला, "पुसेल त्याला शिक्षा आहे. आपलीच दवंडी."

"मग मीच पुसतो!" इनामदारांनी स्वतः कुंचला घेतला आणि भिंतीवर चुना फासला. निळ्या रेघा चुन्यातून वर आल्या. पुन्हा फासला, पुन्हा आल्या, पहिल्यापेक्षा गडद. लोक आता हसत नव्हते, नुसते बघत होते. इनामदारांचे हात चुन्यानं पांढरे झाले आणि दम लागून ते पायरीवर बसले. त्यांना आपले हात फार जड वाटत होते. आठ हातांचं वजन दोन हातांवर आलं होतं, असं म्हणतात.

"हैबत्या," भिंतीकडे बघत ते म्हणाले, "एक हात रिकामा दिसतोय. त्यात काय काढणार आहेस?"

"ते सरकारांनी सांगायचं," हैबती म्हणाला. "मी बघितल्याशिवाय काढत नाही."

"बघितल्याशिवाय? मग एवढं नाक कुठं बघितलंस?"

"सरकार गाऱ्हाणी ऐकायला बसतात तेव्हा खालून तेवढंच दिसतं."

इनामदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की राग, यावर खैराळ्यात अजून दोन पक्ष आहेत. ते उठले आणि बंधाऱ्याकडे चालू लागले. मागून सगळं गाव. त्यांनी कमरेची किल्ली काढली, झडप उघडली, आणि परत फिरताना किल्ली पाटात सोडून दिली. पाणी गावाकडे धावलं. लोक चावडीवर परतले तेव्हा भिंतीवरच्या हातातली किल्ली गेली होती, असं म्हणतात. हैबती मात्र परत आलाच नाही. तो लुगडी घेऊन पाटात उभा होता आणि सारजा काठावरून ओरडत होती, "जरा जोरात खळबळा, देव करताना अंगात बरं बळ होतं!"

हैबती पुढे पुष्कळ वर्षं जगला. तो गेला त्या दिवशी पाट उगमापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत निळा वाहिला, आणि त्या वर्षी इनामदारांच्या मोसंब्यांनाही निळसर झाक होती, असं म्हणतात.

आता इनाम गेलं, बाग गेली, चावडीच्या जागी ग्रामपंचायत आली. पण भिंत तीच आहे. अजूनही दसऱ्याला ती चुन्यानं पांढरी करतात, खाली निळीचा पट्टा ओढतात आणि वर त्या वेळी जो कोणी सरपंच असेल त्याला आठ रिकाम्या हातांनी काढतात. नाक थोडं जास्त ठेवायचं असा रिवाज आहे. मग वर्षभर, ज्याचं जे गेलं असेल ते त्यानं येऊन भर दुपारी एखाद्या हातात काढावं, त्याला कोणी अडवत नाही. पुढच्या दसऱ्याला सरपंचानं गावासमोर उभं राहून आपल्या हातात काय काय आहे ते मोठ्यानं वाचायचं आणि मग स्वतः चुना लावायचा. चुना एका हातात बसला तर वर्ष चांगलं गेलं असं धरतात. काहींना पुष्कळ घासावं लागतं.

फक्त आठव्या हातात कोणी काही काढत नाही. मागे एक नवा सरपंच निवडून आला. त्यानं भिंतीपुढे उभं राहून विचारलं, "सातच हात भरायचे, तर आठवा काढता कशाला?"

गर्दीत येसूआजीची पणती उभी होती. ती म्हणाली, "सात हातांनी धरलेलं सोडायला एक मोकळा लागतो, दादा."