राणीच्या खांद्यावरची टिटवी

एका राज्यात पेरणीचा एक जुना रिवाज होता. राज्यकर्त्यानं अनवाणी शेतावर जावं, तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, पहिली मूठ धरावी, मगच रयतेनं पेरतं व्हावं. त्याआधी कुणी उतावीळपणे बी टाकलंच, तर ते मातीत कोळशासारखं काळं पडे. असं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं.

त्या राज्याची राणी हिरण्मयी. दोन लढाया जिंकलेली, न्यायाला चोख, बोलायला मात्र जरा तिखट. एकदा कालभद्र नावाच्या मांत्रिकानं भर दरबारात सेनापतिपद मागितलं. राणी म्हणाली, "ज्याला घोड्यावर नीट बसता येत नाही, त्याच्या हाती फौज कशी द्यावी?" दरबार खो खो हसला. मांत्रिकाला ते जिव्हारी लागलं. त्यानं झोळीतून चिमूटभर राख काढून फुंकली. राखेची टिटवी झाली आणि राणीच्या खांद्यावर जाऊन बसली. ती फक्त राणीलाच दिसे आणि फक्त राणीलाच ऐकू येई.

टिटवीनं विचारलं, "पूल तुटला तर?" राणीनं पुलाला साखळदंड घातले. साखळदंड गंजले तर? त्यांना तेल चोपडायला माणसं नेमली. ती माणसं फितूर झाली तर? त्यांच्यावर हेर ठेवले आणि त्या हेरांवर आणखी हेर. राणीचं प्रत्येक उत्तर म्हणजे टिटवीच्या चोचीत एक दाणा. राजवैद्याचे काढे झाले, ज्योतिष्याचे गंडेदोरे झाले. दर गंड्यामागे टिटवीला नवं पीस फुटलं. मुठीएवढी होती ती मोराएवढी झाली. राणीला अन्न गोड लागेना, छातीतली धडधड थांबेना, आणि एक दिवस तिनं महालाबाहेर पाऊल टाकणंच सोडलं.

दोन वर्षं पहिली मूठ पडली नाही. दोन वर्षं सगळं रान पडीक राहिलं. तिसऱ्या वर्षी प्रधान बृहद्रथ हात जोडून उभा राहिला. कोठारं खरवडून झाली, आता फक्त बियाणं उरलंय, असं त्यानं सांगितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "जमिनीत पेरणीपुरती ओल आहे, महाराणी. ती तीन दिवस टिकेल. त्यानंतर बियाणंच खाऊन संपवावं लागेल."

त्यापुढं काय, हे त्यानं सांगितलं नाही. टिटवीनं सांगितलं.

महालाच्या परसात बारव होती आणि बारवेच्या तळाशी आवडाई नावाची जादूगारीण राही. ती तीनशे वर्षांची होती आणि बहुतेक वेळ पान लावत बसलेली असे. राणी भिंत धरधरून पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "माई, ही टिटवी मारून द्या."

"राखेची आहे. मारायला जाशील तर वाढेल," आवडाई म्हणाली. "तीन कामं सांगते. दिवसाला एक."

पहिल्या दिवशी तिनं बारवेच्या पाण्यात घटिकापात्र सोडलं. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी भरून बुडेपर्यंत राणीनं टिटवीचं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. फक्त म्हणायचं, 'टिटवी म्हणते, पूल तुटेल.' ऐकायला सोपं, पण राणीच्या जिभेवर उत्तरं नुसती वळवळत होती. तिनं ती कशीबशी गिळली. वाटी बुडाली आणि राणीनं लगेच मान वळवून पाहिलं, गेली का म्हणून. टिटवी वीतभर आणखी वाढली होती.

आवडाईला हसू आवरेना. "पाहुण्याला पाट मांडायचा आणि डोळे दाराकडे लावून बसायचं, कधी जातोय म्हणून. असा पाहुणा बसेल का आणि जाईल तरी का? पुन्हा वाटी सोड." दिवस मावळेपर्यंत वाटी सोळा वेळा बुडाली. सोळाव्या वेळी राणी मान वळवायची विसरली.

दुसऱ्या दिवशी टिटवीच्या नख्या कुठं रुतल्यात ते शोधायचं होतं. खांद्यात, असं राणी ताबडतोब म्हणाली. आवडाईनं तिला डोळे मिटायला लावले. मग सापडलं, एक नखी गळ्यात होती, एक छातीच्या मधोमध आणि एक बरगड्यांखाली. तिथं हात ठेव, श्वास तिथवर जाऊ दे, असं आवडाईनं सांगितलं. "तू आवळून धरतेस म्हणून त्या खोल जातात. जागा कर तिला."

राणीनं जागा केली आणि तिला रडू कोसळलं. इतकी वर्षं ती घाबरली होती, पण रडली नव्हती. टिटवी तसूभरही हलली नाही. पण राणीला त्या दिवशी भूक लागली आणि तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तिसरं काम एका वाक्याचं होतं. "तिला घेऊन शेतावर जा."

"भीती गेली की लगेच निघते," राणी म्हणाली.

"मग बियाणं दळायला टाक."

राणी अनवाणी निघाली. वाटेत तोच पूल आला. टिटवी म्हणते, पूल तुटेल, असं पुटपुटत तिनं पुढचं पाऊल टाकलं. तळव्याला फळी गार लागली. ती गार आहे एवढंच तिनं ध्यानात घेतलं आणि त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. असं करत करत ती शेतावर पोचली.

बांधावर सगळी रयत जमली होती. बैलांचा कासरा धरून म्हातारा शेतकरी वाघोजी उभा होता. त्यानं बियाण्याची ओटी पुढं केली. राणीनं मूठ भरली. हात इतका थरथरत होता, की बोटांतून दाणे सांडले. टिटवी तिच्या कानाशी वाकली. हा प्रश्न तिनं आजपर्यंत राखून ठेवला होता. "आणि उगवलंच नाही तर?"

राणीनं उत्तर शोधलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि मूठ चाड्यावर धरली.

बी नळ्यांतून मातीत उतरलं. माहीत नाही, असं त्या टिटवीला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती गप्प झाली. मग पुन्हा मुठीएवढी होऊन खांद्यावरून उतरली, लांब पाय टाकत तिफणीच्या तासातून चालू लागली आणि किडे टिपू लागली. आता ती सगळ्यांना दिसत होती. पोरं म्हणाली, ती बघा टिटवी. राणी बांधावर बसली आणि पोट धरून हसली. तिकडं कालभद्राची झोळी रिकामी झाली. तो पुढं घोड्यावर बसायला शिकला म्हणतात.

त्याच दिवशी रयतेनं पेरणी उरकली आणि पाचव्या दिवशी रान हिरवं झालं. टिटवी अजून कधी कधी ओरडते आणि राणीची छाती धडधडते. त्या राज्यात पुढंही पहिली मूठ दरवर्षी थरथरत्या हातानंच पडली, आणि पीक सोळा आणे आलं. तसंच तुमच्याही रानात येवो.