निळी दुमजली बस

माणूस घाटात यायच्या आधीची गोष्ट. चढणीच्या वाटेसाठी जनावरांना दुमजली बस घ्यायची होती. निवडायला बसले मोर, घार आणि माकड. तिघांनाही बसने कुठं जायचंच नव्हतं!

"चढ ओढेल का?" रेड्याने विचारलं.

"अरे, निळा रंग बघ!" मोर म्हणाला.

पहिल्याच वळणावर बस धापा टाकत थांबली. रेड्याला पुढं जुंपलं, आणि मग तो रोजच जुंपला गेला.

वर्षाने मोराने बसला हार घातला. "एकही खेप चुकवली नाही हो हिनं!"

"मोरदादा, ओढतो मी," रेडा म्हणाला.

"ठाऊक आहे. उद्या जोड येतेय."

रेडा हरखला. आता जुवाची दुसरी बाजू भरणार!

सकाळी जोड आली. पण रेड्याला नाही, बसला. तसलीच दुसरी बस, निळी.