न हलवलेली पूजा

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात एक अत्तराचा व्यापारी होता. दुकान बरे चालायचे, पण त्याचा जीव जडला होता जुन्या सचित्र पुस्तकांवर. कातडी बांधणीचे, सोनेरी कडांचे, रंगीत चित्रांचे पुस्तक कुठे आहे असे कळले, की हा पठ्ठ्या दुकान बंद करून निघालाच. पुस्तक हाती आले की शिवण तपासायची, कागद उजेडात धरायचा, चित्रे मोजून घ्यायची. मोजायची हं, बघायची नाहीत.

दसऱ्याला तो सगळी पुस्तके चौरंगावर मांडून सरस्वतीची पूजा करी. पूजेतल्या पुस्तकांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता वाहून पूजा हलवायची आणि मगच पुस्तके उचलायची, अशी रीत. एका वर्षी त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेतले गुरुजी आले आणि मुलांना चित्रे दाखवायला एखादे पुस्तक द्या म्हणाले. मुलांचे चिकट हात व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे आले.

"अजून पूजा हलवली नाही, गुरुजी," तो पटकन म्हणाला. गुरुजी चौरंगाला नमस्कार करून परत गेले.

सबब भलतीच सोयीची निघाली. मग त्याने पूजा हलवलीच नाही. रोज ताजे फूल वाहायचे, नवे पुस्तक आले की तेही तिथेच मांडायचे आणि मागायला येईल त्याला हात जोडून तेच सांगायचे. देवीचे नाव निघाल्यावर हुज्जत कोण घालणार? गावात लोक म्हणत, याच्या घरी सरस्वती पाहुणी म्हणून आली आणि बिचारी अडकून पडली.

त्या पुस्तकांत एक त्याच्या बायकोचे होते, पशुपक्ष्यांच्या चित्रांचे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिने ते पाहिले होते आणि लग्नात वडिलांनी तेच तिच्याबरोबर दिले होते. पुढे तिला अंधूक दिसू लागले. वैद्यांनी डोळे तपासले आणि सांगितले, की नजर हळूहळू जाणार, इलाज नाही.

"अहो, दिसतंय तोवर माझं पुस्तक एकदा बघू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरं काही मागत नाही."

त्याला वाईट वाटले, नाही असे नाही. पण आज पूजा हलवली, तर उद्या गुरुजी येतील, परवा शेजारी येतील, हे त्याच्या मनातून जाईना. दसरा आला की नवी पूजा मांडताना जुनी हलवूच, तेव्हा पोटभर बघ, असे त्याने तिला समजावले. ती बरं म्हणाली.

रोज सकाळी ती चौरंगासमोर येऊन बसायची. आधी तिला पुस्तकांच्या सोनेरी कडा दिसायच्या. मग नुसती फुले दिसू लागली. मग समईचा उजेड तेवढा राहिला, आणि एक दिवस तोही गेला. तिने कुणाला सांगितले नाही.

दसरा आला. व्यापाऱ्याने घाईने अक्षता वाहिल्या, पुस्तक काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. तिने पान उघडून तोंडाजवळ नेले, मग लांब धरले, मग पुस्तक त्याच्या हातात परत दिले.

"तुम्हीच सांगा काय आहे ते."

तो सांगू लागला. कागद जाड आहे, रंग टिकलेत, बांधणी शाबूत आहे, एकही पान गेलेले नाही.

"तसं नाही हो," ती म्हणाली. "मोराच्या पायाशी खार आहे ना? करवंटीतलं पाणी पिते. बाबा मला आधी तीच दाखवायचे."

त्याने वाकून पाहिले. खार होती. एवढीशी, शेपटी वर केलेली, करवंटीत तोंड घातलेली. इतकी वर्षे ती त्याच्याच घरात होती आणि त्याने आज पहिल्यांदा पाहिली.

"आहे," तो कसाबसा म्हणाला.

"छान आहे ना?" तिने विचारले.

त्याने पुन्हा पूजा मांडली, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच हलवली आणि स्वतः जाऊन गुरुजींना बोलावून आणले. मुले आली, चिकट हातांनी पाने उलटू लागली, खार बघून हसू लागली. बायको शेजारी बसून त्यांचे हसणे ऐकत राहिली. व्यापारी मात्र पुस्तकाकडे बघत नव्हता, तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

तात्पर्य एवढेच: पुस्तक कितीही वर्षे थांबेल, पण ते बघायला आसुसलेले डोळे थांबत नाहीत.