रिकाम्या सभागृहातल्या टाळ्या

फार पूर्वी शोणपुरात सुबाहू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथे मुख्य स्थपती होता. पूल आणि बांध उभारणारे कारागीर, त्यांच्यावरचे मुकादम, सगळे त्याच्या हाताखाली होते.

सुबत्तेच्या काळात राजाने नुसत्या ऐटीसाठी गरजेपेक्षा जास्त माणसे नेमली. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा त्यातली काही कमी केली. इथपर्यंत त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण तो हुकूम सुटताच शेजारच्या सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या. दार उघडून पाहिले, तर आत चिटपाखरूही नव्हते.

टाळ्या कोणाला आवडत नाहीत? राजाला त्यांची चटकच लागली. दुष्काळ सरला, कोठारे भरली, तरी तो माणसे काढीतच राहिला. गेलेल्यांचे नाव कोणी घेईना. उरलेले काम करताना त्या बंद दाराकडे कान लावून असत.

"आचार्य, आणखी नावे द्या," एके दिवशी राजा बोधिसत्त्वाला म्हणाला.

"कशासाठी, महाराज? कामही आहे, धान्यही आहे."

"टाळ्या थांबल्या तर लोक मला दुबळा म्हणतील."

"मग मला काढा, आणि बाकीच्यांना राहू द्या."

राजाने ते कबूल केले आणि त्याला काढले. टाळ्यांनी भिंती हादरल्या. मग शब्द मोडून राजाने बाकीच्यांनाही काढले. शेवटी तो एकटाच उरला आणि टाळ्या एकदम थांबल्या. सभागृहाचे दार आपोआप उघडले. आतल्या अंधारातून एक लांब बोट बाहेर आले आणि राजावर रोखले गेले.

राजाची किंकाळी काढून टाकलेल्या, वेशीबाहेर जमलेल्या कारागिरांनी ऐकली. "भोगू दे त्याला," ते म्हणाले.

"घाबरलेल्या माणसाला मला एकटे सोडवत नाही," असे म्हणून बोधिसत्त्व आत गेला आणि राजाच्या पुढे उभा राहिला. "तू कोण? काय खातोस?"

"मी यक्ष. उरलेल्यांची भीती खातो."

"आता मीही उरलो आहे. खा."

यक्षाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत हुंगले. काहीच मिळाले नाही. राजानेही बोधिसत्त्वाचा हात घट्ट धरला होता, आणि त्याची भीतीही ओसरली होती. यक्ष भिंतीतून निघून गेला. राजा दारोदार फिरला आणि हात जोडून सर्वांना परत घेऊन आला.

ही पूर्वजन्मीची कथा संपवून भगवान म्हणाले, "तो स्थपती मीच होतो. आणि तो राजा म्हणजे आज सकाळी आपले नावा बांधणारे कारागीर काढून इथे आलेला हा श्रेष्ठी नंदिवर्धन."

श्रेष्ठीचा चेहरा उतरला. "आणि तो यक्ष, भगवन्?"

"तो मेला नाही. उपाशी गेला."

श्रेष्ठी तसाच उठला आणि कारागिरांच्या वस्तीकडे धावला.

ज्याने आपल्याला दूर केले, त्याच्याही भीतीत त्याच्या बाजूला उभे राहणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.