गुणाजीचा कुईं करणारा अँप

आमच्या टाकळवाडीत एक भोळा लाउडस्पीकरवाला होता. नाव गुणाजी. आता गावात भोळे काय कमी होते? सगळेच होतो. पण आम्ही सांगितलेलं विसरायचो, म्हणून वाचायचो. गुणाजी सगळं लक्षात ठेवायचा. तिथंच घात व्हायचा.

त्याच्याकडे वडलांच्या वेळचा अँप्लिफायर होता. जुनं, जाडजूड धूड. एकदा तो जळाला. गुणाजीनं स्वतः उघडून दुरुस्त केला. वाजायला लागला, पण मध्येच आपोआप ‘कुईंऽऽ’ करायचा आणि तव्यासारखा तापायचा.

सरपंच रंगराव म्हणाले, "हे बघ गुणाजी, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला सभापती येणार आहेत. त्या दिवशी तुझा अँप नीट वाजला, तर यंदाची जत्रा तुझी. कुईं केलं, तर तालुक्याहून डीजे आणतो. मग बस कर्णे पुसत!"

वडलांपासून जत्रेत त्यांचाच कर्णा वाजायचा. तोही गेला, तर घराचं नाव कोण घेणार? अँप डोक्यावर घेऊन तो तालुक्याला इस्माईलचाचांकडे गेला. चाचांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता.

चाचा म्हणाले, "तापतोय ना? मग त्याला मोकळा वारा लागू दे."

"बरं चाचा."

घरी येऊन त्यानं अँप लिंबाच्या झाडाला उंच टांगला. वारा भरपूर लागला. मुंगळेही भरपूर लागले. दुसऱ्या दिवशी चाचांनी झाकण उघडलं आणि मुंगळे चाचांना लागले.

"अरे गुण्या!" चाचा हात झटकत ओरडले. "आत किडामुंगी जाते. नीट झाकून ठेवायचं!"

"चुकलंच माझं. डोकं आहे का मडकं! आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं की! घरी येऊन अँप चालू केला आणि त्याच्यावर गोधडी घातली. थंडीचे दिवस, म्हणून वर आणखी एक घातली. थोड्या वेळानं गोधडीतून धूर निघायला लागला. त्याची बायको शेवंता धावत आली, गोधड्या ओढून अंगणात टाकल्या आणि त्यांच्यावर कळशी ओतली.

"अहो, माझ्या आईनं शिवलेली गोधडी हो!" ती रडकुंडीला आली.

गुणाजी पुन्हा चाचांच्या दारात.

"चालू असताना झाकतात का रे?" चाचांनी कपाळाला हात लावला. "चालू असेल तेव्हा झाकण उघडं ठेवायचं. एवढं तरी लक्षात ठेव, माझ्या राजा!"

"चुकलंच माझं. मडकं तरी बरं, त्यात पाणी राहतं. आता लक्षात ठेवतो."

संध्याकाळी शेवंता म्हणाली, "अहो, मिक्सरमध्ये चटणी घातलीय. जरा चालू करा."

गुणाजीनं मिक्सर चालू केला. मग त्याला आठवलं. त्यानं पटकन झाकण काढलं. चटणी आढ्याला गेली, शेवंताच्या तोंडावर गेली आणि उरलेली अँपमध्ये गेली, कारण अँपही चालू होता आणि त्याचंही झाकण उघडंच होतं.

शेवंता डोळे चोळत म्हणाली, "कुणी सांगितलं झाकण काढायला?"

"चाचांनी."

"मग चाचांकडंच जेवा!"

उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. गुणाजीनं अँप पुन्हा चाचांपुढे ठेवला. चाचांनी ब्रशनं चटणी काढली, तारा हलवून पाहिल्या आणि एकदम म्हणाले, "अरे, ह्याला अर्थच नाही!"

गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं नका म्हणू चाचा. वडलांची आठवण आहे ती."

"तो अर्थ नव्हे रे बाबा! अर्थिंग! जमिनीची तार! दुरुस्त करताना तू ती जोडलीच नाहीस. अर्थ नसला की नुसता आवाज करणार. उद्या तांब्याची तार अँपला घट्ट बांध. दुसरं टोक लोखंडी सळईला बांधून सळई जमिनीत ठोक, वर मिठाचं पाणी ओत. आणि अर्थ लागेपर्यंत हलू देऊ नकोस."

देवाची करणी बघा, सांगितलेलं पहिल्यांदाच जिथल्या तिथं लागू पडलं. उद्घाटनाला गुणाजीनं सळई ठोकली, मिठाचं पाणी ओतलं आणि बटण दाबलं. कुईं नाही, खरखर नाही! सभापती बोलायला उभे राहिले आणि त्यांचा आवाज खणखणीत पलीकडच्या वाडीपर्यंत गेला. सरपंचांनी गुणाजीकडे बघून मान डोलावली. गुणाजीला वाटलं, आत्ता वडील असायला हवे होते.

सभापती बोलतच राहिले. पाण्यावरून विकासावर गेले, विकासावरून परत पाण्यावर आले. मांडवातली माणसं पेंगायला लागली. सरपंच वैतागून गुणाजीच्या कानाशी लागले.

"नुसता आवाज करतोय रे. काडीचा अर्थ नाही!"

गुणाजी ताडकन उठला. अर्थ नाही? जत्रा हातातोंडाशी आलेली आणि अर्थ नाही? तो उरलेली तार, दुसरी सळई आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन धावला. रांगत टेबलाखाली शिरला. सभापतींच्या पायाला तार घट्ट आवळली, स्टेजच्या कडेला सळई ठोकली आणि बादली उपडी केली. निम्मं पाणी सळईवर पडलं, निम्मं साहेबांच्या धोतरावर.

"अरे, हे काय? सोड माझा पाय!" सभापती माइकवरच ओरडले.

गुणाजी उठून माइकसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"हलू नका साहेब, चुकलंच माझं. तुम्हाला सकाळीच बांधायला हवं होतं. सरपंच आत्ताच म्हणाले, तुम्ही नुसता आवाज करता, तुम्हाला काडीचा अर्थ नाही. दम धरा, आता लागेल!"

शब्द न् शब्द पलीकडच्या वाडीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. अँपनं कुईं केलं नाही. कुईं केलं, ते सरपंचांनी.